मागून हलकी गाडी

९ सप्टेंबर, मंगळवार
नि.नं आज बॅटरी रूमची किल्ली मागून घेतली. नि. म्हणजे निटुरकर साहेब, आमच्या तेल मिलचा मेंटेनन्स इन्चार्ज. पूर्ण नाव लिहायला हात उठत नाही, एका अक्षरात भागवतो.
म्हणे, "मन्मथअप्पा, गोदामातल्या फोर्कलिफ्टला आता लिथियम बॅटरी बसणार. पाणी घालायची कटकट नाही, ॲसिडचा वास नाही. तुम्ही आता आराम करा." आराम म्हणजे पॅकिंगला उभं राहून तेलाच्या डब्यांवर प्लास्टिक गुंडाळणं.
एकोणीस वर्षं लातूरच्या या एमआयडीसीत त्या शिशाच्या बॅटऱ्यांना पाणी पाजलं. घरात एक शर्ट असा नाही ज्याला ॲसिडची भोकं नाहीत. माझ्यामुळं गाडी एकदाही अडली नाही. एकदा अडली, ती कुणामुळं ते मला माहीत आहे आणि नि.लाही.

११ सप्टें.
प्लास्टिक गुंडाळताना डोकं रिकामं राहतं. मग तेच ते येतं.
दोन सीझनपूर्वी. ऐन सोयाबीनच्या आवकेत नि.नं मला तीन आठवडे वजनकाट्यावर बसवलं. मी विचारलं, साहेब, बॅटऱ्यांचं पाणी कोण बघणार? "मी बघतो." कुणी बघितलं नाही. सेल कोरडे पडले, अख्खी बॅटरी गेली. शेठसमोर नि. म्हणाला, मन्मथअप्पाचा हलगर्जीपणा. माफीनामा लिहून घेतला, आणि वर शिफ्ट सुटताना गेटवर मोठ्यानं वाचायला लावला. गर्दीत माझा जावई उभा. तेव्हा तो इथंच कामाला होता. ज्याचे पाय मी लग्नात धुतले त्याच्यासमोर वाचलं, 'माझ्या चुकीमुळे कंपनीचे नुकसान झाले.'
जावई तसाच गेटबाहेर निघून गेला. महिन्याभरात उमरीला दुसरं काम धरलं, लेकीला घेऊन गेला. सणाला येतात. जेवतात, जातात.
नि.ला वाटतं मी विसरलो. वाटू दे.

१९ सप्टें., शुक्र.
नांदेडची पार्टी आली, लिथियमवाली. जुनी बॅटरी काढायला बरा मीच लागतो.
चेनपुलीला लावली, साखळी करकरली. साडेआठशे किलोचं धूड. नवी तीनशेच्या आत. लहान पण किती, आजूबाजूला हातभर जागा रिकामी राहिली. मला तिथंच खटकलं. फोर्कलिफ्ट म्हणजे तागडी. पुढच्या पारड्यात माल, मागच्यात वजन. जुनी बॅटरी वीज देत होती तशी मागं वजनही देत होती.
बाहेर चहाला त्यांचा फिटर म्हणाला, "काका, त्या जागेत लोखंडी प्लेटा बसवायच्या हायत, वजनासाठी. प्लेटा नांदेडला ऱ्हायल्या. त्या येस्तवर जड माल उचलू नका. साहेबाला बोललो. ते म्हणले, खंडेनवमीला शेठच्या हातानं पूजा, दसऱ्याला गाडी चालू झालीच पाहिजे, मुहूर्त टळत न्हाई. प्लेटांचं बघू म्हणले. तुम्ही ड्रायव्हरला तेवढं सांगून ठेवा."
"हाव," म्हणालो.

२० सप्टें.
ड्रायव्हर म्हणजे शब्बीर. अकरा वर्षांची ओळख, मला मामा म्हणतो. आज दोनदा समोर आला. सांगितलं नाही.
का नाही सांगितलं? स्वतःच्या वहीत खोटं कशाला. दसऱ्याला शेठसमोर गाडीनं मागची चाकं उचलावीत, माल सांडावा, आणि शेठनं नि.कडं बघावं. एवढंच पाहिजे मला. शब्बीरचा हात सराईत आहे, तो सांभाळून घेईल. आत्ता सांगितलं तर नि. गुपचूप प्लेटा मागवील आणि वर आपणच चूक पकडली म्हणून मिरवील. नाही सांगणार.

२४ सप्टें.
पाऊस थांबेना. नि. सगळ्यांना नवी गाडी दाखवत फिरतोय, जसा काही आपणच पाळण्यात घातलीय. पाहुणे आले की मला हाक मारतो. "हे आमचे बॅटरीला पाणी पाजणारे अप्पा." पाहुणे हसतात. मीही हसतो. माझं हसणं वेगळ्या कारणाचं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
नवी गाडी झेंडूनं मढवली. शेठनं नारळ फोडला. दरवर्षी बॅटऱ्यांना कुंकू मी लावायचो, एकेका सेलला. या वेळी त्या भंगारात पडलेल्या. पूजा झाल्यावर तिकडं जाऊन दोन बोटं लावून आलो. नि.नं बघितलंच.
"काय अप्पा, मेलेल्यांची पूजा करून राहिलाय का?"
सगळे खिदळले. शब्बीर तेवढा हसला नाही. हसा म्हणावं, उद्याचा दिवस उगवायचाय.

२ ऑक्टो. दसरा
काही झालं नाही. मुहूर्ताला पाच पोती उचलली, टाळ्या, पेढे. माझा पेढा नि.नं स्वतः हातावर ठेवला. जावई असता तर... जाऊ दे.
त्याला आपट्याचं पान दिलं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. देताना मनात काय होतं ते लिहिण्यासारखं नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
आवक जोरात. शब्बीर पॅकिंगकडं आला.
"मामा, ही गाडी मागून हलकी लागून राहिली. भरली पॅलेट उचलली की स्टेअरिंगला वजनच न्हाई. मागची चाकं जमिनीला टेकतेत का न्हाई कळंना. तुमी व्हता की बॅटरी बसवताना. काय बिघाड हाय का?"
म्हणालो, "नवी हाय. सवय व्हायला वेळ लागतो."
"हाव का," म्हणाला आणि गेला.
गेटवर माफीनामा वाचून झाला तेव्हा हा एकटा रांगेतून पुढं आला होता. हातातला कागद घेतला, घडी केली, माझ्या खिशात ठेवला. मग त्याच्या मोटरसायकलवर मागं बसवून घरी सोडलं. हे नेमकं आजच आठवायला नको होतं.

१० ऑक्टो., शुक्र.
शब्बीरनं इलाज काढलाय. जड पॅलेट आली की दत्ता हमालाला हाक. दत्ता उडी मारून मागच्या लोखंडावर उभा राहतो, गाडीला वजन. बैलगाडी उलाळ होऊन मागं कलली की जुवाकडं माणूस बसवायचा, तीच अक्कल. दत्ता वरून ओरडतो, "फुकटची शीट हाय, या कुणीबी." लोक हसतात.
नि. तिथूनच गेला. थांबला, बघितलं, म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!" आणि पुढं गेला. शब्बीरनं ऐकलं, मी ऐकलं.
दुपारी फिटरला फोन केला. प्लेटांचं काय? "तुमच्या साहेबांनीच थांबवल्यात, दिवाळीनंतर बघू म्हणले. ड्रायव्हरला सांगितलं न्हवं?" सांगितलं, म्हणालो.
दिवाळीनंतर! नि. आता पुरता सापडला. भाकरी दोन जास्त खाल्ल्या आज. बायको म्हणाली, आज काय विशेष? काही नाही म्हणालो.

१३ ऑक्टो.
दत्ताला सांगावं का, निदान चढू नको एवढंच. त्याला सांगितलं की तो शब्बीरला सांगणार. शब्बीर नि.ला. मग झालं सगळं मुसळ केरात.
दिवसभर त्या बाजूला पाठ करून काम केलं.

१४ ऑक्टो., मंगळ.
झालं.
सकाळी अकरा. धर्माबादचा ट्रक भरत होते. तेलाच्या डब्यांची भरली पॅलेट वर नेली, मागं दत्ता. मागची चाकं उचलली. दत्ता गाडीबरोबर वर गेला. पॅलेट घसरली, डबे फुटले, पुढचं वजन गेलं तशी गाडी मागं आदळली. दत्ता खाली पडला होता. उजवा पाय
मी दहा पावलांवर. तेलात घसरत पोचलो. दत्ता ओरडत नव्हता. घोट्याच्या खाली बघवेना.
नि. आला. शेठ आले. नि.चं पहिलं वाक्य, "ड्रायव्हरचा हलगर्जीपणा."
तोच शब्द. बदलावासुद्धा वाटला नाही त्याला.

१५ ऑक्टो.
पाय राहतो की जातो, डॉक्टर सांगेनात. दत्ताची बायको जळकोटची, माझ्या बायकोच्या माहेरगावाकडची. म्हणून बायको डबा घेऊन गेली, मीही गेलो. दत्ताची बायको मला विचारते, "मामा, गाडीच खराब हुती का ओ?" बघतो म्हणालो. काय बघतो?
नि.नं शब्बीरकडं माफीनामा मागितलाय. शनिवारी शेठसमोर चौकशी. शब्बीर म्हणाला, "देतो लिहून. काम गेलं तर लेकरांचं काय?"
नि.ला बुडवायला जे पाहिजे ते सगळं माझ्याकडं आहे. दोन वर्षं याच दिवसाची वाट बघितली. आज आनंद व्हायला पाहिजे होता, होत नाही.

१६ ऑक्टो., गुरु.
शेठच्या केबिनमध्ये गेलो. नि. होताच. त्याच्यासमोर सांगितलं. प्लेटा बसल्याच नाहीत. गाडीवर कंपनीनं ठोकलेल्या पट्टीवर बॅटरीचं कमीत कमी वजन छापलेलं आहे, जाऊन वाचा. शेठनं फिटरला फोन लावला, स्पीकरवर.
"हाव शेठ, साहेबाला सांगितलं हुतं. त्यांनीच दिवाळीनंतर म्हणले."
नि.च्या तोंडावरचं रक्त उतरलं. मी ते तोंड पोटभर बघून घेतलं. जावई इथं पाहिजे होता.
फिटर थांबलाच नाही. "आन् ड्रायव्हरला सांगा म्हणून त्या मन्मथ काकांनाबी बोललो हुतो. सांगितलं म्हणले ते."
शेठ माझ्याकडं वळले. "अप्पा, शब्बीरला सांगितलं होतं का तुम्ही?"
"सांगितलं होतं."
कसं आलं तोंडातून, मला माहीत नाही. विचार करायच्या आत आलं. म्हणजे शब्बीरला माहीत असून त्यानं माल उचलला, दत्ताला मागं चढवलं. मी त्याचाच गळा कापला.
शेठ म्हणाले, "ठीक. शनिवारी शब्बीरलाच विचारू."

१७ ऑक्टो., शुक्र.
दवाखान्यात गेलो. दत्ताच्या पायाचा पंजा कापून काढला सकाळी. शब्बीर तिथंच होता, दोन दिवस घरी गेला नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसवून त्याला सगळं सांगितलं. फिटरचा निरोप, आणि काल शेठसमोर काय बोललो तेही.
त्यानं विचारलं, "मी गाडी मागून हलकी हाय म्हणलो, तवा तुमाला ठाऊक व्हतं?"
"हाव."
"दत्ता मागं चढायचा तवा?"
"हाव."
तो बाकावर माझ्यापासून लांब सरकला. मग म्हणाला, "निटुरकर साहेब सकाळी येऊन गेले हितं. म्हणले, दत्ताला मागं उभं केलेलं साहेबांनी कधी बघितलं न्हाई, एवढंच बोल. आन् मन्मथनं मला काहीच सांगितलं न्हाई असं बोल. बाकी सगळं त्याच्यावर जाऊ दे. तुझा माफीनामा फाडतो, काम पक्कं."
मी म्हणालो, "माझ्यावर घाल. चूक माझी खरंच हाय. मीबी शेठला तेच सांगतो उद्या. पण शब्बीर, त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं रे. वा रे पठ्ठ्या म्हणला. त्याला सोडू नको."
हे बोलताना माझी मलाच लाज वाटली. आतमध्ये पंजा नसलेला माणूस पडलेला, आणि मी अजून नि.चाच हिशोब करतोय. पण बोललो. वाटलं ते बोललो.
शब्बीर आज एकदाही मामा म्हणाला नाही. दत्ताच्या बायकोला चहा आणायला उठून गेला. मी तासभर बाकावर बसून होतो. तो दुसऱ्या दारानं आत गेला असावा.
उद्या अकराला चौकशी. मी आधी जाऊन माझं खोटं शेठला सांगणार, ते ठरलं. मी जातोच. नि. जातो का राहतो, ते आता शब्बीरच्या एका वाक्यावर आहे. प्लेटा लांबवल्या एवढ्यावर तो बोलणी खाऊन सुटेल; दत्ताला मागं चढलेला बघूनही पुढं गेला, हे शब्बीरनं सांगितलं तरच जातो. मी खरं बोललो तरी आता माझं कोण ऐकणार. आणि मला हाणायचं तर शब्बीरला बोलायचीही गरज नाही. गप्प बसला की नि. वाचतो, खुर्चीत बसून मला गेटबाहेर जाताना बघतो. शब्बीरच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत आहे.