ताईसाठी एका हाताने घालायचे टॉप

३ मार्च
थेरपिस्टबाईंनी आज स्पष्टच सांगितलं – "स्वतःचे कपडे स्वतः घालता आले तर घरी सोडू. नाहीतर कायमच्या देखभालीच्या वॉर्डात." परीक्षा महिनाअखेर. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ताईचा डावा हात नुसता लोंबतोय. बटणं, हुक विसरायचे. डोक्यावरून ओढायचा, ताणला जाणारा टॉप हवा. बाजारातले गळ्याशी घट्ट आणि कमरेशी तंबू! मीच शिवणार.

४ मार्च
माझ्या ब्लाउजचं जुनं कागदी कटिंग काढलं. ताईची छाती दोन इंच कमी. टक्सच्या चुण्या मिटवल्या, बाजूचा लूज, म्हणजे जास्तीची सैल जागा, काढला – होजिअरीचं, बनियनसारखं कापड मुळातच सैलावतं, वर लूज दिला की पोतं होणार. डावा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, मात्र दीड इंच खोल. निर्जीव हात आधी आत जायला हवा.

५ मार्च
साध्या सुईने टाके सुटले. गोल टोकाची आणली.

८ मार्च
पहिला टॉप. ताईचं डोकं गळ्यात अडकलं. आतून आवाज – "हेडमास्तर, दिवे लावा की!" लहानपणापासून हेच नाव ठेवलंय तिने मला. मी हसले नाही. थेरपिस्टबाईंनी वहीत "नाही" लिहिलं.

९ मार्च
चूक माझी. कापड वाचवायला कटिंग आडवं मांडलं, त्यामुळे ताण उभा गेला. गळा ताणणार कसा? बी.एस्सी. झालेली बाई मी! टॉपचं फडकं केलं.

१४ मार्च
दुसरा. ताण बरोबर आडवा, गळा रुंद. ताईने डावी बाही चढवली आणि थांबली. "नाही गं जमत."
मी चिडले. "घरी जायचंय ना तुला?"
"तिथे कोण वाट बघतंय माझी? कुलूप?"
असली रडगाणी मला चालत नाहीत. म्हटलं, शेजारी आहेत, फोन आहे, लोक राहतात एकटे. भावजींना जाऊन तीन वर्षं झाली. कधीतरी सवय करायलाच हवी.
टॉप तिच्याजवळ ठेवून आले. सराव कर म्हटलं.

१७ मार्च
ह्यांनी जेवताना विषय काढला – "ताईंना थोडे दिवस आपल्याकडे..." मी म्हटलं, आधी टॉप होऊ द्या. विषय तिथेच मिटला. बरं झालं.

२३ मार्च
तिसरा. मुंढाच काढून टाकला. बाही थेट गळ्यापर्यंत नेली. डाव्या मनगटाशी कापडाची कडी – उजव्या अंगठ्याने ओढायला. माझा डावा हात ओढणीने बांधून स्वतः घालून पाहिला. एका दमात गेला! इतकं नेटकं काम मी वीस वर्षांत केलं नव्हतं.
ताईने कडीत अंगठा घातला. काढला. "छान शिवलंयस. पण नाही जमत."
तो टॉप तिच्याजवळच ठेवला. बाकीच्या कापडातून तसेच आणखी दोन शिवायला घेतले. दुसरं काय करणार?

२८ मार्च
परीक्षा. तीन वेळा संधी दिली. शेवटी वहीत पुन्हा "नाही." सोमवारी वॉर्ड बदलणार.
ताई माझ्याकडे बघत राहिली. मी टॉपची घडी घालत होते. एका टॉपला किती वेळ लागतो घडी घालायला?

३० मार्च
तिचं सामान भरायला गेले. वॉर्डातल्या मावशी टॉप पिशवीत ठेवता ठेवता म्हणाल्या, "किती सोयीचे शिवलेत हो! आंघोळ झाली की माझा हात लागायच्या आत घालून मोकळ्या होतात. रोज!"
ताई पलंगावरच बसली होती. मान वर केली नाही.
"मला वाटलं, जमलंच नाही तर तू 'चल माझ्याकडे' म्हणशील."