कापलेली पिन

३ तारीख, सोमवार
तर आई अजूनही म्हणतेय, बटणं दाबायला काय माणूस ठेवतात का. ठेवतात, आई. आजपासून मला ठेवलंय. खराखुरा स्टुडिओ! अलीकडे आवाजाचा मिक्सर आणि मी, मोठ्या काचेपलीकडे गाण्याची खोली, तिथे माइक आणि गिटारचा आवाज मोठा करणारा लोखंडी ॲम्प. गालिचा कोरा, म्हणून आत सगळे अनवाणी. मालकांना सगळे सायलेन्ससर म्हणतात, कारण त्यांना कणभर खरखर खपत नाही. माझ्या आधीचा रेकॉर्डिस्ट कुठे गेला विचारलं, तर म्हणाले, सोडून गेला. शनिवारी माझं पहिलं रेकॉर्डिंग, आणि तेही माझ्या सख्ख्या ताईचं. मी हवेतच आहे.

४ तारीख, मंगळवार
ॲम्पच्या प्लगला वरची जाड पिनच नाही. करवतीने कापलीये. सीरियसली? तीच तर अर्थिंगची! आत एखादी वायर सुटून लोखंडाला लागली, तर करंट त्या पिनेतून जमिनीत जातो. पिन नसेल तर तो ॲम्पच्या अंगावर वाट बघत बसतो. माइक मिक्सरमधून जमिनीला जोडलेला असतोच. एक हात ॲम्पवर, दुसरा माइकवर, की मधली वायर आपणच. कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.
नवा प्लग लावला. हेडफोनमध्ये लगेच घूं सुरू. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत, म्हणून. नवी लाइन ओढून दोन्ही एका बोर्डावर घेतले की जाईल. सोपंय.
फक्त त्या घूंमध्ये कुणीतरी श्वास घेतंय असं वाटलं. कॉफी जास्त झाली असेल.

५ तारीख, बुधवार
सर जाम भडकले. म्हणाले, नवीन लाइनसाठी भिंत फोडायची नाही, आणि घूं पण नको. पिन काप, इतकी वर्षं असंच चाललंय. मी म्हटलं, मी नाही कापणार. मग त्यांनी स्वतः कापली आणि माझ्यासमोर काचेच्या बरणीत टाकली. टण्ण. बरणीत अशा पंधरा-वीस पिना आहेत. काय, प्रदर्शन मांडणार आहेत? माझं डोकंच सणकलं. ते गेल्यावर परत नवा प्लग लावला.
घूं. श्वास. मग अगदी कानाशी, पुरुषाचा आवाज.
"सांग."
माइक बंद होता.

६ तारीख, गुरुवार
स्टुडिओच्या नेहमीच्या वायरमनकाकांना बोर्ड बघायला बोलावलं. ते गाण्याच्या खोलीत पाऊल टाकेनात. दारातूनच म्हणाले, "पोरी, तुझ्या आधीचा तो सोडून नाही गेला. याच गालिच्यावर पडला. एक हात ॲम्पवर, एक माइकच्या दांडीवर."
सरांनी पोलिसांना सांगितलं, त्याचं हृदय नाजूक होतं. पोलिसांनी विचारल्यावर काकांनीही तेच सांगितलं. आता मान खाली घालून उभे.
आणि गालिचा नवा का, ते मला आत्ता कळतंय.
इतका संताप झालाय की पेन कागदातून आरपार जातंय. त्याचं कुणी काही लिहून ठेवलं नाही. मी ठेवतेय.

७ तारीख, शुक्रवार
पिन परत कापलेली. परत नवा प्लग लावला. जेवून आले तर परत कापलेली. ॲम्पला टेस्टर लावला – पेटला. वायर सुटलीये आत. सरांना दाखवलं. म्हणाले, टेस्टर खराब आहे तुझा.
ताईला फोन केला. हसली. म्हणाली, माझ्या गाण्याच्या वेळीच तुला बरं काहीतरी सुचतं.
प्लग बदलला. तो आवाज आज घूंमध्ये ओरडत होता. सांग. सांग. सांग –
अरे सांगतेय ना! कोण ऐकतंय?

८ तारीख, शनिवार, सकाळ
हेडफोन घातला. घूं नाही. श्वास नाही. शांत.
म्हणजे पिन –
ताई आत. माइक धरलेला. दुसरा हात ॲम्पच्या बटणाकडे. पळाले. दंडाला धरून ओढत बाहेर आणली. तिच्यासमोर टेस्टर पेटवून दाखवला. पांढरीफटक पडली. बाहेरच्या बाकावर बसलीये. वाचली. वाचली.

तिथेच, पाच मिनिटांनी
सर ओरडतायत. म्हणे, तुम्ही दोघी बहिणी भित्र्या. म्हणे, बघ, मी हात लावून दाखवतो. चपला काढल्या. आत गेले. दार लावून घेतलं.
एक हात ॲम्पवर ठेवला. काही झालं नाही. काचेतून हसतायत माझ्याकडे बघून. बरणी इथे, माझ्यासमोर.
आत आवाज पोचवायचं बटण माझ्या बोटाखाली आहे. एक शब्द पुरे. दुसरा हात माइककडे –
हेडफोनमध्ये श्वास. घूं नसताना.
"सांगू नकोस."
तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर दाबलं असतं का ब –