आस्गेरच्या आईची निरवानिरव

मी, त्यूरा लाउरिड्सेन, चित्रकार, राहणार मान्डो बेट, समुद्राच्या बांधालगतचं शेवटचं घर, हे माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, फुप्फुसं नाहीत. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्याचं नाव काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलं नाही, कारण एक वारस बाहेर गेला होता आणि तो आल्यावरच वाटणी करायची असं मी धरून चालले होते.

एक. घर, आवार आणि बँकेत असेल ते सर्व माझी मुलगी मारेन हिला द्यावं. घर तिने विकावं. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या लोकांना विकलं तरी माझी हरकत नाही. या घरात आपण कधी हसलोच नाही का, असं तिने मला एकदा विचारलं होतं. हसत होतो, मारेन. तू फार लहान होतीस. ट्रॅक्टर सुरू झाला नाही की तुझे बाबा त्याची कशी मनधरणी करायचे, त्याची नक्कल तुझा दादा आस्गेर स्वयंपाकघरात करायचा, आणि सगळ्यात जास्त हसायचे ते बाबाच.

दोन. आस्गेरचे उंच बूट, जाकीट आणि हत्यारांची पेटी त्याचा मित्र योर्गेन बुंडगोर याला द्यावी. मारेनला त्या दिवसाचं नीट कोणी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. आस्गेर ओहोटीच्या वेळी पाहुण्यांना उघड्या पडलेल्या समुद्राच्या तळावरून चालवत न्यायचा. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. हॅम्बुर्गचं एक जोडपं कोणाला न विचारता पायीच पलीकडच्या किनाऱ्याकडे निघालं आणि मागून धुकं आलं. योर्गेन आमच्या दारात म्हणाला, "थांब, मी ट्रॅक्टर काढतो." आस्गेर म्हणाला, "त्याच्या आवाजात त्यांच्या हाका ऐकू यायच्या नाहीत," आणि चालत गेला. ते जोडपं तोवर पलीकडे पोचून कोणाच्या तरी गाडीत ऊब घेत बसलं होतं. आम्हाला ते संध्याकाळी कळलं. भरती येऊन गेली होती. आस्गेर सापडला नाही. त्याचं काहीच सापडलं नाही.

योर्गेन तेव्हापासून आमच्या घरावरून जाताना मान खाली घालतो. योर्गेन, तू थांब म्हणालास ते मी आतून ऐकलं होतं. बूट तुझ्या मापाचे आहेत. वापर.

तीन. चित्रं. आस्गेर जाण्याआधी मी होड्या आणि मेंढ्या रंगवत असे. त्या कोणी घेत नसे. नंतर मी बांधावर उभी राहून जे दिसायचं ते काढू लागले: खाली करडं, वर करडं, मधे पाणी संपतं कुठे ते कळत नाही. प्रत्येक चित्रात मी दूरवर एक उभा ठिपका ठेवत असे. पलीकडच्या रिबे गावचे चित्रविक्रेते प्रेबेन होल्क पहिलं चित्र पाहून म्हणाले, "त्यूरा, याच्यासमोर उभं राहिलं की माणूस निवतो. तेवढा ठिपका पुसून टाक. लोकांना इथे एकटं राहायचं असतं." घर चालवायचं होतं. मी ठिपका पुसला, त्या चित्रात आणि पुढच्या सगळ्यांत. प्रेबेननी त्यांना 'विसावा' असं एकच नाव दिलं. आता ती दवाखान्यांत, दाताच्या डॉक्टरांकडे, विद्युतदाहिनीच्या दालनात आहेत. लोक मला पत्रांतून आभार कळवतात. मला त्या चित्रांपुढे एक क्षणही निवांत वाटलेलं नाही.

पुढे मारेन रिबेला राहू लागल्यावर माझा नवरा एस्किल एके दिवशी माझ्या पाठीमागे उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "तू त्याला रोज बुडवतेस." त्याच आठवड्यात तो रिबेला मारेनकडे राहायला गेला.

घरात उरलेली चित्रं प्रेबेनना देऊ नयेत. मारेनने ती फाडावीत. लाकडी चौकटी चांगल्या आहेत. त्या शेजारच्या शाळेला द्याव्यात.

चार. हॅम्बुर्गच्या त्या बाई दर ऑगस्टमध्ये माझ्या दारात येऊन उभ्या राहतात. मी कधी दार उघडलं नाही. पुढच्या खेपेला मारेनने उघडावं, कॉफी द्यावी आणि सांगावं की त्यांचा दोष नाही. मला आजही तसं वाटत नाही. पण ते खरं आहे, आणि कोणीतरी त्यांना सांगायला हवं.

पाच. आस्गेरच्या नावाचा दगड चर्चच्या आवारात बसवावा, असं एस्किल किती तरी वर्षं म्हणत होता. मी बसवू दिला नाही. दगड बसला की वाट पाहणं संपलं, असं मला वाटायचं. आता मी कशाचीच वाट पाहत नाही. दगड बसवावा, त्यावर आधी त्याचं नाव घालावं, मग माझं. माझी राख समुद्रात टाकू नये. गाणी नकोत.

सहा. एस्किल. तो आता रिबेच्या वृद्धाश्रमात आहे आणि त्याच्या डोक्यात दिवस एकमेकांत मिसळले आहेत. तिथल्या ओसरीत माझं एक चित्र आहे. तो सकाळपासून त्याच्यासमोर बसतो. तिथल्या मुली म्हणतात, त्याने आजोबा शांत राहतात. गेल्या खेपेला मी शेजारी बसले. त्याने मला ओळखलं नाही. चित्राकडे बोट करून म्हणाला, "आमचा मुलगा गेलाय तिकडे. भरतीच्या आत येईल. पोरगा हुशार आहे." मी हो म्हणाले. जरा वेळाने त्याने मला विचारलं, "त्याची आई कुठे दिसत नाही?"

मी त्याच्या जाकिटाची बटणं लावली आणि निघाले. उत्तर आता सुचलं आहे, म्हणून हे कलम. मी गेल्याचं एस्किलला सांगू नये. अंत्यविधीला आणू नये. ते चित्र तिथून हलवू नये. त्याने पुन्हा विचारलं, तर मारेनने त्याचा हात हातात घ्यावा आणि सांगावं, आई त्याला आणायला गेली आहे.

वरील सर्व मी वाचून पाहिलं. खाडाखोड नाही. साक्षीदारांना यात काही ठेवलेलं नाही.

सही: त्यूरा लाउरिड्सेन

आमच्यासमोर सही केली:
डाग्नी ओस्टरगोर, शेजारीण
पाल्ले विनथर, पाद्री

मान्डो, ११ नोव्हेंबर २०२३