तेवीस नंबरचं मॉडेल

३ जानेवारी २००६
आले एकदाची! कोन गावात आत्याकडे सामान टाकलं आणि शेअर रिक्षाने धामणकर नाक्यावर उतरले. दातांच्या लॅबचं काम शिकवणारा वर्ग पहिल्या मजल्यावर, खाली कापडाचे लूम. रामनाथ सर म्हणाले, प्लास्टरमधले बुडबुडे काढायला इतरांना यंत्र लागतं, आपली अख्खी इमारतच हलते. सगळे हसले. आम्ही एकमेकींच्या दातांची मापं घेतली. माझं शेजारी बसलेल्या सुरैयाने घेतलं. मापात प्लास्टर ओतून माझ्या खालच्या दातांचं मॉडेल झालं. त्याचा नंबर तेवीस. पाण्याचं प्रमाण मी दोनदा मोजलं.

९ जानेवारी
माझ्या मॉडेलची उजवी दाढ तुटलेली. मॉडेलं ठेवलेल्या ओट्यापाशी शेवटी सुरैयाच होती. विचारलं तर म्हणाली, अगं, प्लास्टरची दाढ गेली, एवढं तोंड कशाला पाडतेस? दुपारी भाकरी चावताना माझी तीच दाढ हातात आली. रक्त नाही, कळ नाही. सर म्हणाले, योगायोग. तुटलेल्या जागी मेणाची दाढ कशी घडवायची ते त्यांनी दाखवलं. मी घडवली.

१० जानेवारी
सकाळी जिभेला दाढ लागली. आरशात पाहिलं, आहे. आत्याने चहा दिला. पहिल्याच घोटाला दाढ मऊ झाली. मेणाची चव. आत्या म्हणाली, साखर कमी पडली का गं, अशी काय बसलीस?

१३ जानेवारी
ऑफिसात मागच्या बॅचचा फोटो आहे. सगळे हसतायत, पण एकाचेही ओठ उघडे नाहीत. ही मुलं आता कुठे असतात, सरांना विचारलं. म्हणाले, तू फार बारीक बघतेस. तेही ओठ मिटूनच हसले.

१६ जानेवारी
उद्या प्रॅक्टिकल. चिठ्ठी टाकून दुसऱ्याचं मॉडेल मिळणार. त्यावरचे सगळे दात करवतीने कापायचे, मग कवळी बसवायची. माझं मला द्या म्हटलं. सर नाही म्हणाले. संध्याकाळी मॉडेलांचं कपाट उघडंच होतं. हात पोचत होता. पण न विचारता कशाला हात लावायचा नाही, हे अण्णांनी मला शाळेत घालण्याआधीच शिकवलेलं. घेतलं नाही. फोडूनही टाकता येत नाही. फोडलं तर माझं —

१७ जानेवारी
तेवीस सुरैयाला आलं. हिसकावायला गेले. सरांनी बाहेर काढलं. जिन्यात बसलेय. दाराला आतून कडी. ओरडून सांगितलं, कापू नकोस. ती आतून हसली, घाबरतेस काय, हळूच कापते.

करवत सुरू झाली.

पुढचे दोन. ओंजळीत आहेत. मी ओढले नाहीत —

आणखी चार. दुखत नाही. दुखायला हवं ना —

खालचा एकही उरला नाही. करवत थांबली. बरं झालं, संपलं —

सर आत सांगतायत, दात झाले, आता मॉडेलच्या गालांकडच्या दोन्ही कडा चाकावर तासून घ्या. चाक फिरायला लागलं. माझा गा —