अर्धं फडकं तुझं

प्रिय गोदावरी,

तू असताना कधी तुझं नाव घेतलं नाही. ‘अवं’ म्हटलं की तू यायचीस. आता कोण काय म्हणणार? म्हणून घेतो. आणि लिहायला बसलो ते भांडायला! अगं, एवढी कला हातात होती, ती कुणाला शिकवून का गेली नाहीस?

झालंय असं की आई उन्हाळ्यापासून अंथरुणावर आहे. पाठभर घामोळं उठलंय. अंग घासायच्या खरबरीत वज्रीनं कातडी सोलवटते, धोतराच्या फडक्यानं काही होत नाही. काल ओरडली, “मले गोदीचं दाण्यादाण्याचं फडकं पायजे!” तेच फडकं, ज्याच्यावरून तिनं तुला आठ दिवस घर डोक्यावर घेऊन छळलं होतं!

आठवतं? कापसाला सोन्याचा भाव आला होता. भातकुलीत लोकांनी गाद्या उसवून त्यातला कापूससुद्धा विकला. आपल्या घरात उरला होता तो फक्त सीतादहीच्या दिवशी शेताला दहीभात दाखवून वेचलेला पहिला कापूस, देवाच्या वातींचा. तू त्याचं सूत काढलंस आणि अमरावतीच्या मडमेकडून शिकून आलेल्या दोन बांबूच्या काड्यांवर अंग घासायचं फडकं विणलंस.

“देवाच्या कापसानं पाठ घासतं? कावून वं, पीक बुडवतं काय?” आई कडाडली.

“वाती केल्या, आत्याबाई. उरला त्याचं केलं. बाकी तं तुमच्या लेकानं बंडीत भरून बाजारात नेला.”

मी दाराआडून हसत होतो. तुला एक गंमत सांगू? तू शेतात गेलीस की आई तेच फडकं घेऊन न्हाणीत शिरायची. तुझी चाहूल लागली की हातात वज्री! मी पाहिलंय.

तर ते फडकं मी काढलं. पेटीच्या तळाशी होतं, आणि त्याच्या वरच्या अंगाला हे एवढं भोक. कोष्ट्याकडं नेलं. त्यानं उलटंपालटं केलं, उजेडात धरलं. “भाऊ, याले ना ताणा ना बाणा. हे कशानं इनलं?” तसंच घरी घेऊन आलो.

आई म्हणाली, “वरून उसवत जाय, न् पाहत जाय कसं इनलं ते.”

मी चिडलो. तुझ्या हातचं तेवढंच राहिलं होतं ना! नाही उसवणार म्हणालो.

“येडा हायेस काय? तिचं फडकं पेटीत ठेवशीन न् तिची इद्या जाऊ देशीन?” एवढं बोलून म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं. तिचे डोळे ओले होते, गोदे. तुझ्यासाठी!

मग उसवलं. एक ओळ सोडायची, फास कसा पडला ते बघायचं, पुन्हा घालायचा. दोन सुलटे, दोन उलटे, आणि पुढं त्यांची अदलाबदल, म्हणजे दाणे उठतात. कळलं एकदाचं! मिशीवाला गडी ओट्यावर विणताना बघून शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हसोत.

भोक गेलं तिथं थांबलो. खालचं अर्धं तसंच ठेवलं, तुझेच फास काडीवर घेतले आणि तुझ्याच सुताला गाठी मारत पुढं विणलं. तुझी बाजू सरळ, माझी नांगर चुकल्यासारखी वाकडी.

आज आईची पाठ घासली. डोळे मिटून पडली होती. म्हणाली, “हे गोदी.” मी फडकं फिरवलं. “न् हा तू. टोचून राहिला.” आणि हसली, किती दिवसांनी!

तेव्हा शब्द देतो. माझी बाजू तुझ्यासारखी होईपर्यंत उसवून उसवून विणीन. तुझ्या बाजूचा एकही टाका हलवणार नाही.

तुझा, अजून टोचणारा,
नारायण