आतून पांढरी झालेली टाकी

ता. ४ नोव्हेंबर १९४६, अमरावती
अकोल्याच्या डॉ. साहेबांची मोटारसायकल आमच्या सायकलच्या दुकानात आली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून चार वर्षे इथे त्यांच्या सासऱ्यांच्या गोठ्यात उभी होती. टाकीत काडी फिरवली तर तांबड्या पापुद्र्यांचा चुरा वर आला. डॉ. सासुरवाडीला आले आहेत. शुक्रवारी सकाळी नेणार.
करीमचाचांनी टाकी मांडीवर घेतली, कानाशी धरून हलवली, पत्र्यावर टिचक्या मारल्या. "पत्रा साबूत हाय. वाचते." मोतीबिंदू झाल्यापासून मिस्त्री म्हणून त्यांचे सगळे काम कानाने आणि बोटांनी चालते. डोळ्यांचे काम माझ्याकडे.

ता. ५
दोन शेर चिंच भिजवून कोळ गाळला. गरम पाण्यात मिसळून टाकीत भरला. आत सायकलचे जुने छर्रे. दर तासाला हलवणे. चाचा दर वेळी विचारतात, किती वाजले.
"चिंच गंज खाते. पन गंज सरला का लोखंडाले बी सोडत नाई. टायमावर काढजो."
हात दुखतात. पण काम आवडते.

ता. ६
सकाळी पाणी काढले. शाईसारखे काळे. मग धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी तीन वेळा, मग नुसते कढत पाणी, मग ऊन. दुपारी आरशाने उन्हाचा कवडसा आत पाडून पाहिले. नव्या कथलासारखी पांढरी. सांध्याची रेघ शेवटपर्यंत दिसत होती. माझ्या हातून इतके स्वच्छ काम आजवर झाले नव्हते.
चाचा म्हणाले, "आता लगेच आतून तेल फिरव. धुतलेलं लोखंड उघडं नाई ठेवायचं." आणि नमाजाला गेले.
तेलाची बाटली हातात घेतली. तेल काळपट होते. मनात आले, डॉ. साहेबांनी एकदा आत डोकावून पाहावे, मग त्यांच्यासमोरच तेल फिरवू. दोनच दिवस. बाटली जागेवर ठेवली. टाकीच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावला.
संध्याकाळी चाचांनी विचारले, "तेल फिरवलं ना?"
मी "हो" म्हणालो.
असे का म्हणालो ते...

ता. ८
पहाटे दव फार. घरच्या शेतातले झेंडूचे भारे बाजारात पोचवून दुकानी आलो तेव्हा ओसरीच्या फळ्यासुद्धा ओलसर. टाकी तिथेच होती. बोळा काढून आरसा धरला. आत सगळीकडे तांबूस छटा. कुंकवाचे बोट पुसल्यासारखी.
पुन्हा चिंच, पुन्हा सोडा, म्हणजे निदान एक दिवस. डॉ. साहेबांचा टांगा कोपऱ्यावर आलेला. बोट जाईल तिथपर्यंत चिंधीने पुसले, थोडे तेल ओतून हलवले, टाकी बसवली.
डॉ. साहेबांनी आत पाहिलेच नाही. "झाली का?" एवढेच.
चाचा म्हणाले, "नामदेवानं केली म्हंजे झाली."

ता. ११
आज सांगणार होतो. सकाळी दोन गिऱ्हाइके बसलेली होती. दुपारी चाचा जेवून कलंडले. संध्याकाळी काहीच अडचण नव्हती.
सांगितले नाही.

ता. १४
डॉ. साहेब अकोल्याहून आगगाडीने आले. आल्या आल्या रुमाल उलगडून चाचांपुढे धरला. कार्बोरेटरची बारीक जाळी, आणि तिच्यावर तांबडा चिखल. गाडी वाटेत तीनदा बंद पडली. शेवटी मूर्तिजापुराच्या पुढे पडली ती उठलीच नाही. कापसाच्या बंडीवर घालून आणावी लागली. अकोल्यात एक बाई बाळंतपणात अडली होती. सुईण हुशार म्हणून निभावले.
"निभावलं नसतं तर?" डॉ. म्हणाले. "मिस्त्री, दिसत नसेल तर सांगावं. त्यात लाज कसली?"
चाचांनी चिखल दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग म्हणाले, "पोट्ट्यानं तेल फिरवलं होतं. मंग माह्या चिंचेतच खोट असन. जास्त वेळ राह्यली असन. मले समजलं नाई."
मी पाना हातात धरून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पाना पुसत राहिलो. डॉ. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू म्हाताऱ्याला सांभाळून घेण्याचा त्रास मलाच आहे.
सां. ना.

ता. १५
चाचांनी दुकानातली चिंचेची बरणी घरी पाठवून दिली. भाजीत टाका म्हणे.
दुपारी वरूडचा एक संत्र्यांचा व्यापारी टाकी घेऊन आला.
"टाक्या बंद केल्या भाऊ," चाचा म्हणाले.
"बंद? कावून?"
"आता पंक्चर अन् हवा."
"मिस्त्री, गंमत करून राहिले का? वरूडपासून मांडीवर घेऊन आलो मी हिले, लेकरावानी. अमरावतीत दुसरं कोन करते?"
"कोनी नाई."
"मंग? हे हितंच राहू द्या. बुधवारी येतो. तवरक तुमचा राग उतरन."
तो गेल्यावर चाचा मला म्हणाले, राग कोणाचा, डोळ्याचा का हाताचा? आणि हसले. ते हसणे ऐकवत नव्हते. ही रीत त्यांनी स्वतः शोधलेली. पंचवीस वर्षे याच कामावर त्यांचे नाव आहे. अकोटहून, अचलपुराहून माणसे येतात. एका 'हो'ने ती रीत खोटी पडली, आणि ती खोटी नाही हे जगात मला एकट्याला ठाऊक.
सां. ना.

ता. १६
आई विचारते, भाकर अर्धी का टाकतो. पोट बिघडले सांगितले. तेही खोटेच. दिवसभरात एकूण किती खोटे बोलतो ते आता लक्षात राहू लागले आहे.
चाचा दिवसभर नुसते बाकावर बसून होते. एका सायकलची घंटा उगाच वाजवून पाहिली. मला म्हणाले, "उद्या अकोल्याले जा. डॉक्टरची टाकी पुन्हा कर. तुह्या रीतीनं कर, माही सोडून दे."
माझी रीत कोठली? जे आहे ते त्यांचेच.
सां. ना.

ता. १७, अकोला
बडनेऱ्याहून सकाळची गाडी. चिंच अकोल्याच्या बाजारातच घेतली आणि चाचांच्याच रीतीने सगळे केले, वेळ पाहून. गंज नवा आणि पातळ, चार तासांत सुटला. सोडा, कढत पाणी, ऊन. आत पुन्हा पांढरी. या वेळी आरसा धरला नाही. हात भाजेल इतकी गरम असतानाच तेल फिरवले.
डॉ. साहेब खुर्ची टाकून पाहत होते. म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. म्हातारबुवांचं आता झालं. इकडे दुकान टाक, मी गिऱ्हाईक पाठवीन."
टाकी खाली ठेवली. म्हणालो, "साहेब, तेल मी फिरवलं नव्हतं. चाचांनी सांगितलं होतं."
त्यांनी टाकीकडे पाहिले. मग, "त्यांना सांगितलंस?"
"नाही."
"मग मला कशाला सांगतोस? मला सांगणं सोपं आहे."
चहा आला होता, तो मी घेतला नाही. त्यांनी आग्रह केला नाही.
परतीच्या गाडीत वाक्य पाठ केले. 'चाचा, माझ्याकडून निष्काळजीपणा झाला.' मग वाटले, निष्काळजीपणा झालाच नाही. काळजी फार घेतली, ती मला चांगले म्हणवून घेण्याची.

ता. १८
सांगितले.
पाठ केलेले वाक्य आले नाही. दुकान उघडून झाडले, चाचा बाकावर बसले, आणि मी उभ्याउभ्या म्हणालो, "तेल फिरवलं नव्हतं चाचा. तुमी इचारलं तवा खोटं बोललो."
"डॉक्टरच्या टाकीत?"
"हो."
"कावून?"
सांगितले, आतून पांढरी झाली होती, ती डॉ. साहेबांना दाखवायची होती.
"मंग दाखवली?"
"नाई. त्याईनं पाह्यलंच नाई."
हसतील असे एकदा वाटले. हसले नाहीत. हाताने चाचपत वरूडची टाकी शोधली, मांडीवर घेतली, कानाशी नेऊन हलवली. मला वाटले, आता कामाचे बोलतील.
"म्हंजे चिंच बराबर होती."
"बराबर होती."
"चार दिवस मी झोपलो नाई, नामदेव. सारं आयुष्य उलटं मोजून पाह्यलं, कोनाकोनाची टाकी खराब केली असन म्हनून." मग टाकी खाली ठेवत म्हणाले, "तेलाचं जाऊ दे. तेल मी बी इसरलो असतो. पन माहे डोळे गेल्यापासून मी तुह्याच डोळ्यानं पाहून राहिलो. आता तू कायबी सांगशील, तर मी काय समजू?"
मी झाडू पुन्हा हातात घेतला.
त्यांनी घरून चिंचेची बरणी परत मागवली. कोळ स्वतः केला, छर्रे स्वतः मोजून टाकले. मी पुढे झालो तर "राहू दे" म्हणाले, शांतपणे. दिवसभर मी पंक्चर काढले. दर तासाला टाकी हलवल्याचा आवाज येत होता. किती वाजले ते मात्र त्यांनी रस्त्यावरच्या माणसाला विचारले.
निघताना 'येतो' म्हणालो. ते रोज 'लवकर ये' म्हणतात. आज काही म्हणाले नाहीत. येऊ नको असेही म्हणाले नाहीत.
आता आई चुलीपाशी आहे. विचारते आहे, उद्याची भाकर बांधू का नाही. दोनदा विचारून झाले. मी लिहितो आहे असे दाखवतो आहे.