गती पंच्याण्णव

३ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटे.
नव्या खोलीत पेन्सिलीला टोक करून हे लिहायला बसलो. नोकरी लागली. वीर्यकेंद्रात चाचणी मदतनीस. बारा वळू, एक डॉक्टरबाई, वळू सांभाळणारे काका आणि आता मी. खोली आवारातच आहे. खिडकीतून फाटक आणि थेट बसथांब्यापर्यंतचा रस्ता दिसतो.
काम सोपे आहे. वीर्याचा थेंब कोमट काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकातून पाहायचे, शंभरातले किती पुढे पोहतात ते वहीत लिहायचे. याला गती म्हणतात. पाहून झालेली पट्टी ब्लीचच्या टबात टाकायची. काका म्हणाले, तुझ्याआधीचा माणूस डोळ्यांच्या त्रासाने गेला. मग लग्न झालंय का, पोरं किती, असे विचारले. चार वर्षे झाली, एवढेच सांगितले. काका म्हणाले, मग आमच्या वळूंचा वारा लागू दे जरा. मीही हसलो.

६ मार्च.
गोठवताना बरेचसे शुक्रजंतू मरतात. म्हणून बाई द्रावणात ग्लुटामिन नावाचे अमिनो आम्ल मिसळून पाहत आहेत. आज वितळवलेल्या कांडीत, म्हणजे वीर्य गोठवून ठेवायच्या बारीक नळीत, साध्या द्रावणाची गती चाळीस आली, ग्लुटामिनवाल्या द्रावणाची साठ. बाई म्हणाल्या, हे आमटीतल्या मिठासारखं आहे, हात सैल सुटला की सगळं वाया. जास्त झालं तर तेच मारतं. वळू, घोडा, माणूस, सगळ्यांचं तेच. यातला ‘माणूस’ हा शब्द दिवसभर डोक्यातून गेला नाही.

९ मार्च.
ट्रंकेच्या तळाशी माझा रिपोर्ट आहे. संख्या भरपूर, गती शून्य. हिला सांगितलेले नाही. आई हिलाच टाकून बोलते आणि ही खाली मान घालून ऐकून घेते. मीही ऐकत बसतो.
आज जेवणाच्या सुट्टीत बाई बाहेर गेल्यावर स्वतःचा थेंब पट्टीवर घेतला. सगळे निपचित. त्यात ग्लुटामिन घातले. हात सैल सुटला, बाईंच्या मापाच्या दहापट तरी पडले असेल. फुकट गेले म्हणून उठणार, इतक्यात एक शेपूट हलले. मग दुसरे. मग सगळी.
हिला फोन केला. पंधरा तारखेला ये म्हटले. तिने कारण विचारले नाही, फक्त स्टोव्ह आहे का, की घेऊन येऊ, एवढे विचारले. आवाजात हसू होते.

११ मार्च.
ती पट्टी दोन दिवस खणात लपवली होती. एव्हाना वाळून मरायला हवे होते. गती पंच्याण्णव.
वळूचे वाट्टेल तिकडे पोहतात. हे सगळे एकाच बाजूला, मी बसतो तिकडे. पट्टी उलटी फिरवली. तेही वळले. स्टूल उचलून पलीकडे जाऊन बसलो. पुन्हा माझ्याकडे.

१२ मार्च.
ब्लीचमध्ये तासभर ठेवली. पंच्याण्णव. पाण्यात घालून उकळली. पंच्याण्णव.
चिमट्यात धरून फोडायला गेलो, तर तुकडा अंगठ्यात शिरला. तुकडे भिंगाखाली धरले, सगळे कोरे. एकही नाही. सुटलो म्हणून चहा करून प्यायलो. अर्धा कप झाल्यावर लक्षात आले, ते कुठे गेले असतील.

१३ मार्च.
रक्ताचा थेंब पाहिला. थुंकी पाहिली. डोळ्यातले पाणी पाहिले. तिन्हींत —
काकांना विचारले, आधीच्या माणसाचे नक्की काय झाले. आज ते हसले नाहीत. म्हणाले, त्यालाही मूल नव्हतं. बायको भेटायला आली होती. पुढचं मला विचारू नकोस, तुझी ती खोली मी तीनदा धुतलीय.

१४ मार्च, सकाळ.
हिचा फोन बंद. वहिनीला लावला. ती म्हणाली, बाईसाहेबांना दम कुठला, एक दिवस आधीच निघाल्या. आई स्वतः बसपर्यंत सोडायला गेली. चार वर्षांत पहिल्यांदा.

१४ मार्च, दुपार.
सूक्ष्मदर्शक खोलीत उचलून आणला. डोळ्यातले पाणी पट्टीवर घेतले. आता ते माझ्याकडे येत नाहीत. सगळी डोकी खिडकीकडे. पट्टी फिरवली — खिडकीकडे. रस्त्याकडे.
दाराला कपाट लावले आहे.

बस आली. ती उतरली. हातात स्टोव्हची पिशवी. काका नाहीत, फाटक सताड उघडे —
परत जा म्हणून ओरडायचे आहे. तोंड उघडत नाही. गळ्यात काहीतरी वळवळते —

कपाट सरकले. मीच सरकवतो आहे, डाव्या हाताने. मी त्याला सांगितलेले नाही —

ती हाक मारते आहे. कडी —

थेंब एक, हिच्या डोळ्यातला. मोजले शंभर. गती शंभर. मेलेले —